आधी नाव घ्या, मग जेवा

आमच्या वहिनीला दोन प्रकारच्या माणसांचा राग येतो. चहा झाल्यावर कप तिथंच टाकून उठणारी एक, आणि 'यू स्पीक व्हेरी गुड इंग्लिश' असं तिला कौतुकानं सांगणारी दुसरी. पहिल्या जातीतला माझा भाऊ गुरुनाथ. त्याच्याशी तिनं संसारच केला, त्यामुळे तिथं तिचा इलाज चालत नाही. दुसऱ्या जातीला मात्र तिच्याकडे माफी नाही.

"मी मिरजेत बावीस वर्षं इंग्रजीच शिकवलंय," ती म्हणते. "माझं इंग्रजी चांगलं नसेल तर काय माझी भाकरी चांगली असणार?"

वहिनीचं नाव विभावरी. मिरजेच्या हायस्कुलात आठवी ते दहावीचं इंग्रजी तिच्याकडे. पोरं अशी टरकून असायची की बाजारात ती दिसली तर भेळेचा कागद मागं लपवायची. हातात कायम लाल पेन. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा हिनं छापखान्याच्या दोन चुका काढल्या होत्या, आता बोला! मी, सरिता, तिची धाकटी नणंद. आयर्लंडमध्ये, डब्लिनला, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते. मी इथं आधी आले, मग दादाला चिपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोघं ब्लँचर्डस्टाउनला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. लेक शर्वाणी कॉलेजात. तिच्याशी मराठीत बोललं तर ती आयरिश सुरात इंग्रजीत उत्तर देते. वहिनी त्यातलीही चूक काढते.

आल्या आल्या वहिनीनं शहरातल्या एका इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेत अर्ज टाकला. डब्लिनमध्ये अशा शाळा ढीगभर. स्पेनची, ब्राझीलची, जर्मनीकडची माणसं खास इंग्रजी शिकायला इथं येतात. त्या शाळेतल्या ओर्ला नावाच्या बाईनं तिला कॉफी पाजली, तिच्या साडीचं तोंडभर कौतुक केलं, आणि सांगितलं, की काय करणार, आमचे विद्यार्थी जन्मानं इंग्रजी बोलणारेच शिक्षक मागतात, पण तुमचं नाव आम्ही नक्की लक्षात ठेवू. आयर्लंडमध्ये तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. इथला नकार इतका गोड असतो, की बसस्टॉपवर पोचल्यावर आपल्याला कळतं, अरे, नाहीच म्हणाले की आपल्याला.

वहिनी घरी आली ती भांडी आपटतच. "जन्मानं म्हणे! जन्मताना हे काय व्याकरण घेऊन आले होते?"

रात्रंदिवस लोक घरं शोधतात अशी आमच्या डब्लिनची दशा. दोनेक वर्षांनी त्या शाळेला विद्यार्थ्यांना राहायला घरंच मिळेनात, तेव्हा ओर्लाला वहिनीची आठवण झाली. शिकवायला नाही हं, विद्यार्थ्याला घरी ठेवून घ्यायला. इथं तशी चालच आहे. विद्यार्थी एखाद्या कुटुंबात राहतो, त्यांच्यात जेवतो, त्यांच्याशी बोलतो, म्हणजे भाषा अंगात मुरते.

मी भडकले. "वा गं वा! इंग्रजी शिकवायला तू नकोस, पण रांधून वाढायला चालतेस होय? सांग तिला, चुलीत जा म्हणावं."

"थांब गं," वहिनी म्हणाली. "वर्गात शिकवतात ती परीक्षेपुरती. जेवताना बोलतात ती खरी भाषा. एकदा माणूस माझ्या टेबलाशी बसू दे, मग बघते जन्मानं बोलणारे काय मोठे दिवे लावतात ते."

ओर्लानं बजावलं होतं, की हा पहिला पाहुणा खूश होऊन गेला तरच पुढं बघू. नाहीतर नाव यादीतून जाईल. वहिनीनं याचा अर्थ तिच्या पद्धतीनं लावला. हा नापास झाला, तर मी नापास.

पाहुणा आला ऑस्ट्रियातून. हाराल्ड त्याचं नाव. पन्नाशीचा, उंच, अंगावर इस्त्री केलेला शर्ट. डोंगरावर नेणाऱ्या केबल कार बनवणाऱ्या कंपनीत तो सुरक्षेच्या विभागाचा साहेब. दार उघडलं तर समोर पंजाबी ड्रेसमधली वहिनी आणि मागं फोडणीचा वास. त्यानं हातातल्या मोबाइलवरचा पत्ता पाहिला, दारावरचा नंबर पाहिला, परत पत्ता पाहिला. मी जिन्यात उभी होते, मला सगळं दिसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी मात्र हसून म्हणाली, "घर हेच आहे. बूट तिथं काढा."

मग सुरू झालं त्या बिचाऱ्याचं जेवण. बिचारा मी आता म्हणते, तेव्हा नव्हते म्हणत. तो सावकाश, मनात दहादा जुळवून, एक वाक्य बोलायचा. वहिनी लगेच ते दुरुस्त करून परत म्हणायची. अगदी प्रेमानं, पण करायचीच. तो मान हलवायचा, बरोबर वाक्य पुन्हा म्हणायचा आणि पोळीकडे बघत बसायचा. पुढचं वाक्य दहा मिनिटांनी. त्यालाही लाल पेन. दादा काही बोलायला गेला तर त्याचीही चूक निघायची. शेवटी टेबलावर फक्त शर्वाणी बोलायची आणि ती फोनवर.

"वहिनी, जरा दमानं घे की," मी म्हटलं.

"दमानं घेऊन कसं चालेल? उद्या हा तिथं जाऊन चुकीचं बोलला तर लोक म्हणतील, इंडियन बाईनं शिकवलं, दुसरं काय होणार."

तिचं हे खरं दुखणं. तिला त्याला शिकवायचं होतंच, पण त्याहून जास्त स्वतःला चुकीतून वाचवायचं होतं. मला कळत होतं, पण बोलले नाही. वहिनीच्या तोंडी कोण लागणार!

गुरुवारी दुपारी ओर्लाचा फोन आला. गोडच आला. हाराल्ड फार छान माणूस आहे, तुम्हीही फार छान आहात, पण त्याला घरात मोकळं वाटत नाहीये. सोमवारपासून त्याला दुसरं घर बघतोय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, यू आर ग्रँड. इथं सगळं ठीक आहे म्हणायचं तरी ग्रँडच म्हणतात.

वहिनीनं फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. एवढी मळली, एवढी मळली, की पोळ्या करायच्या राहून गेल्या. मी संध्याकाळी गेले तेव्हा डोळे लाल. इतक्या वर्षांत मी या बाईला रडताना दोनदा पाहिलं असेल. हा मेला कुठला कोण, त्यानं तिला रडवलं!

"रंग बघितला गं त्यानं," मी म्हटलं. "दारातच बघितला होता. मी तेव्हाच ओळखलं."

"गप्प बस," वहिनी म्हणाली. "शनिवारी रुचाचं डोहाळजेवण आहे. माझ्या घरी शुभकार्य आहे. तोवर तो माझा पाहुणा आहे. तोंड वाकडं करायचं नाही कुणी."

रुचा डब्लिनमध्येच, टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर. माहेर सोलापूरचं, इथं सख्खं कुणी नाही, म्हणून तिचं डोहाळजेवण वहिनीनं अंगावर घेतलेलं. शनिवारी घर भरून गेलं. बाहेर डब्लिनचा नेहमीचा रिपरिप पाऊस, आत मसालेभात, जिलबी, अळूवड्यांचे वास. रुचाला फुलांचे दागिने घालून झोपाळ्याऐवजी बागेतून आत आणलेल्या खुर्चीत बसवलं. दोन वाट्या पालथ्या घालून पेढा की बर्फी ते उचलायला लावलं. हाराल्ड कोपऱ्यात हातात पन्ह्याचा पेला घेऊन खांबासारखा उभा. सगळ्यांकडे बघून हसत होता, बोलत काही नव्हता.

पानं मांडली आणि नेहमीचा गोंधळ सुरू झाला. आधी नाव घ्या, मग जेवा! रुचानं घेतलं, तिच्या नवऱ्यानं, परेशनं घेतलं. त्याचं यमक चार कोस लांब पडलं, तरी टाळ्या पडल्या. दादाला ओढून आणलं. वहिनीनं आपल्या ठसक्यात "गुरुनाथरावांचं नाव घेते" केलं. आणि मग मी, मला काय झालं कोण जाणे, राग होता मनात, सरळ हाराल्डसमोर जाऊन उभी राहिले. त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"तुम्ही पण," मी इंग्रजीत म्हटलं. "आमच्यात बायकोचं नाव दोन ओळींत गुंफून सगळ्यांसमोर घेतल्याशिवाय ताट मिळत नाही. यमक जुळलं पाहिजे. बाकी काही नाही."

"सरिता!" वहिनी मागून ओरडली.

हाराल्डचे कान लाल झाले. तीसेक माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, "एक्सक्यूज मी" म्हणाला आणि जिना चढून खोलीत गेला. दार लागल्याचा आवाज आला.

झालं! वहिनीनं मला स्वयंपाकघरात नेऊन असं फैलावर घेतलं की विचारू नका. "सोमवारपर्यंत तरी थांबला असता! आता आजच जाईल बॅग घेऊन. काय मिळालं तुला? माझं नाव घालवलंस तू, सरू."

मी पण चिडलेली. "जाऊ दे की! एवढं काय अडलंय त्याच्यावाचून?"

"माझं अडलंय," वहिनी म्हणाली. 

बाहेर लोक जिलबीवर आले होते. तेवढ्यात गलका एकदम थांबला. आम्ही डोकावून बघतो तर हाराल्ड जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा. शर्टाची वरची गुंडी लावून आला होता, परीक्षेला यावं तसा. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला,

"केबल कार गोज अप, केबल कार कम्स डाउन,
बार्बरा वेट्स फॉर मी इन अवर लिटल टाउन!"

अगं बाई गं! काय तो जल्लोष! परेशनं शिटी मारली, बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, रुचा पोट धरून हसायला लागली आणि तिला कुणीतरी दटावलं. दादानं जाऊन त्याला मिठीच मारली. मी वहिनीकडे बघितलं. तिचे ओठ हलले होते. मला माहीत होतं तिथं काय आलंय, 'इज वेटिंग' आलंय. हात तर नसलेल्या पेनाकडे गेला होता. पण सगळं घर त्या माणसासाठी ओरडत होतं, आणि तो लहान पोरासारखा हसत होता. वहिनीनं ओठ मिटले. ताट वाढलं, जिलब्या चार जास्तच ठेवल्या आणि स्वतः नेऊन त्याच्या हातात दिलं.

आणि मग तो माणूस बोलायला लागला! धबधबा! चुका करत, अडखळत, हात हलवत. त्यांच्या कंपनीत म्हणे आता निम्मे शब्द इंग्रजीच. मीटिंग, अपडेट, डेडलाइन, टीम. जाहिराती इंग्रजीत, गावातल्या बेकरीची पाटी इंग्रजीत, मोबाइलला 'हँडी' म्हणतात आणि हा शब्द इंग्रजीच आहे अशी खात्री बाळगतात. मुलगी दिवसभर इंग्रजी गाणी म्हणते आणि बापानं एक वाक्य बोललं की हसते. सुटे शब्द सगळ्यांना येतात, पण अख्खं वाक्य बोलायची वेळ आली की दातखीळ बसते.

"आपलं तरी काय वेगळं आहे?" दादा म्हणाला. "मी जरा बिझी आहे, नंतर कॉल करतो. यात मराठी किती?"

हाराल्डला ते समजावून सांगितलं तर तो इतका हसला की त्याला मसालेभाताचा ठसका लागला. मग जरा शांत होऊन म्हणाला, की पुढच्या महिन्यापासून कंपनीचा सगळा कारभार इंग्रजीत होणार. कोरियाची, चेकची, तुर्कस्तानची माणसं भागीदार झालीत. संचालकांसमोर उभं राहून सुरक्षेची नवी योजना इंग्रजीतच मांडायची. नाही जमलं तर माझ्या खुर्चीत दुसरा. "मला सगळे नियम येतात. शाळेत पैकीच्या पैकी होते. पण आमच्याकडे चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं समजतात."

वहिनी समोर येऊन बसली. सरळ विचारलं, मिरजेच्या बाईला शोभेल असं. "तुम्ही घर बदलून मागितलंत. आम्ही इंडियन म्हणून का?"

 हाराल्डनं ताट खाली ठेवलं.

"पहिल्या दिवशी दारात, हो, मला वाटलं होतं," तो म्हणाला. "खोटं नाही बोलणार. लाज वाटते त्याची. पण घर त्यासाठी नाही बदलून मागितलं. तुमच्या टेबलावर मी रोज परीक्षा देतो, मिसेस विभावरी. भीती वाटते मला. आज पहिल्यांदा मी चुकलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या."

वहिनी उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता भडका. मी मागोमाग गेले तर ती ओट्याशी उभी राहून हसत होती, डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच. "सरू, मी बावीस वर्षं उलटं केलं गं," ती म्हणाली. "उखाण्याला कुणी कधी व्याकरण विचारलंय का? परेशच्या यमकाचा पार मुडदा पडला होता, तरी घेतलं ना आपण डोक्यावर त्याला!"

सोमवारी हाराल्ड कुठं गेला नाही. ओर्लाला त्यानंच कळवलं. आणि त्या दिवसापासून वहिनीच्या टेबलाचा कायदा बदलला. रोज जेवायच्या आधी प्रत्येकानं इंग्रजीत दोन ओळी घ्यायच्या, कुणाचं तरी नाव गुंफून. बायकोचं, बॉसचं, शेजारच्या कुत्र्याचं, काहीही चालेल. कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही. वहिनीनं केलं तर तिनं भांडी घासायची. पहिल्या आठवड्यात वहिनीनं तीनदा भांडी घासली, पण हूं की चूं केलं नाही. शर्वाणीनं फोन ठेवला, कारण हाराल्डच्या उखाण्यांपुढं फोनमध्ये काही राम उरला नव्हता. मग दोन ओळींच्या चार झाल्या, चाराच्या दहा. मुक्कामाच्या शेवटच्या शुक्रवारी त्यानं आमच्यासमोर उभं राहून अख्खी सुरक्षेची योजना मांडली. वारा सुटला तर काय, वीज गेली तर काय, दोर तपासायचा कसा. दादानं संचालक होऊन वाकडे प्रश्न विचारले, मीही विचारले. माझ्या एका प्रश्नावर अडला, मग म्हणाला, "थांबा, चुकीचं सांगतो, पण सांगतो." आणि सांगितलं!

महिन्याभरानं व्हिडिओ कॉल आला. शेजारी बार्बरा, गोल चेहऱ्याची, हसरी. संचालकांसमोर हा माणूस उभा राहिला, पहिल्या दोन ओळी यमकातल्या म्हटल्या, कोरियन साहेब खदखदून हसला, आणि मग चाळीस मिनिटं हा बोलत होता. खुर्ची तर राहिलीच, वर नव्या भागीदारांशी बोलायचं काम यालाच दिलं. दादानं पेढे आणले. ऑस्ट्रियातल्या माणसासाठी ब्लँचर्डस्टाउनमध्ये पेढे! मी मात्र वहिनीकडे बघत होते. ती त्याला सांगत होती, "मी म्हटलं होतं ना, ग्रँड होईल." हिच्या तोंडी ग्रँड! आयर्लंड अंगात मुरलं म्हणायचं.

आणि मग एका मंगळवारी ओर्ला स्वतः घरी आली. फोन नाही, स्वतः. हातात फुलं. मी सुट्टीवर होते म्हणून मला हे याचि देही बघायला मिळालं. नाहीतर मी जन्मभर हळहळले असते.

ओर्ला सोफ्यावर बसली आणि हवापाण्याचं बोलली, ट्रॅफिकचं बोलली. मग मुद्द्यावर आली. हाराल्डच्या कंपनीला आपली आठ माणसं शिकायला पाठवायचीत. पुढच्या वर्षी आणखी. शाळेनं त्यांना आपले उत्तमातले उत्तम शिक्षक देऊ केले, सगळे जन्मानं इंग्रजी बोलणारे. त्यांनी नको म्हटलं.

"का?" वहिनीनं विचारलं. तिला माहीत होतं हो का ते. पण ऐकायचं होतं.

ओर्ला जरा अवघडली. "ते म्हणाले, आमच्या मीटिंगमध्ये कोरियन असतात, चेक असतात, तुर्की असतात. तिथं जन्मानं इंग्रजी बोलणारा एकही नाही. आम्हाला ज्यांनी ही भाषा जन्मानं घेतली ती माणसं नकोत, जिनं ती कमावली ती बाई हवी आहे. नाहीतर आम्ही दुसरी शाळा बघतो." मग तिनं श्वास घेतला. "तर तुम्ही आमच्याकडे शिकवायला याल का? तुम्ही म्हणाल त्या वेळेला. आणि तुमची ती पद्धत, ती आमच्या बाकीच्या शिक्षकांनाही दाखवाल का?"

मला नाचावंसं वाटत होतं. आत्ता, या क्षणी, ब्लँचर्डस्टाउनच्या हमरस्त्यावर हलगी लावून! वहिनी मात्र उठली, कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, ठेवणीतले कप काढले, आलं ठेचून चहा केला, चिवडा ठेवला आणि ट्रे घेऊन बाहेर आली. ओर्लानं हसून हात पुढं केला. वहिनीनं ट्रे अलगद मागं घेतला.

"पद्धत बघायची आहे ना?" वहिनी म्हणाली. "नवऱ्याचं नाव काय तुमच्या?"

"डोनल."

"दोन ओळी. त्यात डोनल आला पाहिजे आणि यमक जुळलं पाहिजे. मग चहा."

ओर्ला हसली, मग थांबली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. कान हळूहळू लाल व्हायला लागले. जन्मानं इंग्रजी बोलणारी बाई, आपल्याच भाषेत, आपल्याच नवऱ्याच्या नावाला अडली होती. मी ओठ दाबून धरले होते, कसंबसं हसू आवरत.

वहिनी ट्रे घेऊन तिच्याशेजारी बसली, आणि मिरजेच्या पोरांनी कधी ऐकला नसेल इतक्या मऊ आवाजात म्हणाली, "घाबरू नका, सावकाश घ्या. चुकलं तरी चालतं इथं."